बुर्माकानला सूर कळत नाही

माझी नणंद बुर्माकान हिला गाणं कळत नाही. आवडत नाही असं नव्हे, कळतच नाही. कोमूजच्या तारा छेडल्या की कुणीतरी भांडी घासतंय असं वाटतं, हे तिनेच मला एकदा दूध तापवताना सांगितलं. लग्नातली गाणी ती शब्दांवरून ओळखते. शब्द काढून घेतले तर तिला सगळी सारखीच. कान मात्र इतके तिखट, की गोठ्यात मेंढी खोकली तरी घरात उठून बसते.

आमच्या नारीनच्या डोंगराळ भागात मेजवानीत प्रत्येकाला गावंच लागतं. बुर्माकानताई त्या वेळी कढईपाशी असते. तीस वर्षं ती लग्नालग्नांतून कणकेचे बोरसोक तळतेय आणि लोक म्हणतात, काय कामसू बाई! कामसू कसली डोंबलाची, गाणं चुकवता चुकवता जीव दमलाय तिचा.

पण स्वतःची आई गेल्यावर कुठली कढई? सासूबाई गेल्या, अंगणात जाड लोकरी नमद्याचा तंबू उभा राहिला, आत त्यांना ठेवलं. आम्ही बायका भिंतीकडे तोंड करून रांगेत बसलो. भेटायला माणसं आली की बायकांनी गाऊन रडायचं, आणि सुरुवात लेकीने करायची. लेक एकुलती एक.

तिने सुरुवात केली. शब्द तिचे स्वतःचे होते, चांगले होते. आवाज मात्र ऐकवेना. सूर खाली उतरला की विलाप संपला हे कुणालाही कळतं. आम्ही थांबलो, तिला ते कळलंच नाही. तंबूत तिचा एकटीचाच आवाज राहिला. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

सोनुनआत्यांनी, म्हणजे सासऱ्यांच्या बहिणीने, तिला कोपर मारलं. "पुरे गं बाई! नुसते ओठ हलव. आम्ही आहोत ना गायला."

"आत्या, माझी आई आहे ती."

"म्हणून तर सांगतेय. मेलेल्या बाईचं हसं करतेस?"

दोन दिवस तिने ओठ हलवले. माणसं येतच होती. तिरक्या नजरेने ती माझ्याकडे बघायची, मी थांबले की थांबायची. मी आत्यांना काही बोलले नाही. खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखंच वाटलं होतं.

दफन झालं. दुपारी घरामागे आम्ही दोघी सुतकाच्या जेवणासाठी कापलेल्या घोडीची आतडी धूत बसलो होतो. दोघींचेही हात सुजले होते.

"अनारा, मला आईला जे म्हणायचं होतं ते तू ऐकशील? गाणार नाही, घाबरू नकोस."

"सांग ना, ताई."

बाजारभाव सांगावा तसं ती सपाट आवाजात म्हणाली, "आई, पोरी गायला जमल्या की तू मला पाणी आणायला पाठवायचीस. घरात पाणी असायचं. मला वाटायचं, तुला माझी लाज वाटते. मग एकदा मी वळून पाहिलं, तर तू..."

तीन दिवसांत पहिल्यांदा मला खरं रडू आलं. तेवढ्यात आत्या दारात आल्या आणि मीच तिचं मनगट दाबलं. "ताई, हळू."

ती पुढचं आतडं उलटं करून धुवायला लागली. त्या दिवशी तिने वळून काय पाहिलं होतं, हे विचारायचा धीर मला आजवर झालेला नाही.