बारीक जाळीची मासळी

सगळा धक्का जिला आत्या म्हणे, तिने थोरल्या भावाच्या बोटीची मासळी निवडण्यात पंचवीस वर्षं काढली. मासळीच्या वासाला तिने कधी नाक मुरडलं नाही. पण यंदा भावाने मच्छरदाणीसारखी बारीक जाळी आणली आणि समुद्राचा तळ खरवडायला घेतला. एका सकाळी त्याने तिच्यापुढे ढीग ओतला, त्यात बोटभर पिल्लं, मोडलेली प्रवाळं आणि चिखलच जास्त होता. मधोमध एक मेलेलं कासव, गळ्यात जाळीचा फास.

"दादा, हे कोण घेणार?"

"कोंबडीखाद्याचा कारखाना. वाया काय जातंय?"

"अरे, पाळण्यातली पोरंसुद्धा सोडली नाहीस! किळस येते तुझी."

"मी सोडली तर शेजारची बोट धरेल," भाऊ हसला आणि त्याने कासव पायाने बाजूला ढकललं.

हातमोजे ढिगावर फेकून आत्या तडक घरी गेली. भावाचे दोन निरोप आले. तिने दारातूनच परत पाठवले. आता ती एका शाळेत फरशी पुसते. धक्क्यावर तिच्या जागी दुसरी बाई बसते, ढीग रोज पडतो. भाऊ समोरून येताना दिसला, की आत्या थुंकून रस्ता बदलते.