तांडेलकाकांचा भुग्याचा डबा

तांडेलकाका समोरच्याचं नाव विचारायच्या आधी "हात लावू नको" म्हणायचे. मग डबा उघडायचे. आत काळपट भुगा. "ह्यो मी केलाय," असं सांगूनच त्यांचं बुडालेल्या जहाजांवरचं भाषण सुरू व्हायचं. मी शाळेत इतिहास शिकवते. हा कार्यक्रम गावोगाव मीच ठरवायची, आणि काकांनी सुरुवातीलाच स्वतःची फजिती मांडावी हे मला मुळीच आवडायचं नाही. "जहाजाची फली दाखवली का लोकं बगतात, बाई," ते म्हणायचे. "चूक दाखवली का बोलतात."

भानगड अशी. एडवणजवळच्या माहीमला बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, असताना त्यांच्या जाळ्यात जुन्या जहाजाची फळी आली. काठाला ओळीनं भोकं. खिळे न मारता काथ्यानं शिवलेली. काकांनी ती हौसेनं धुतली आणि बोंबील वाळवायच्या बांबूंच्या वलांडीवर उन्हात टाकली. त्यांच्या घरी ओली वस्तू दुसरीकडे कुठे जाणार? पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं लाकूड चार दिवसांत तडकलं. मुंबईहून संशोधक बाई आल्या तेव्हा भुगाच उरला होता. "त्या रागावल्या पन नाय," काका सांगायचे.

गेल्या मे महिन्यात एडवणच्या किनाऱ्यावर वाळू सरली आणि तशीच दुसरी फळी उघडी पडली. भर दुपार, ओहोटी, पाणी लांब लांब चाललेलं. बातमी कळताच काका आणि मी तिथे पोचलो, पण संशोधक बाई हायवेवर अडकलेल्या. काका फळीवर गोणपाट टाकून ते भिजतं ठेवायला बादली घेऊन समुद्राकडे धावायला लागले. वय सत्तरीपुढचं. गर्दी जमली. एक बाई नारळ घेऊन आली, कुणी ओढायला दोर आणला. बोईसरच्या कारखान्यातला एकजण म्हणाला, "चाचा, सोना है क्या?"

काकांनी गोणपाटाचा कोपरा उचलला. "सोना नाय, शिलाई हाय. आपल्यासारक्या मानसाची. वालली का मेली." पुन्हा बादली उचलली आणि तिथेच गुडघ्यांवर बसले.

नारळवाल्या बाईनंच त्यांच्या हातून बादली घेतली. मग हंडे आले, कळश्या आल्या, दोरवाल्यानं दोर टाकला. पाण्यापर्यंत माणसांची रांग लागली. मी काकांपुढे प्यायचं पाणी धरलं तर म्हणाले, "आदी तिला." संशोधक बाई दोन तासांनी पोचल्या. फळी ओली होती.

काका पावसाळ्यातच गेले. फळी प्रयोगशाळेत, पाण्याच्या टाकीत आहे. भाषण आता मी देते. पहिल्यांदा नुसते फळीचे फोटो दाखवले. लोक टाळ्या वाजवून घरी गेले. परवा माहीमला मात्र आधी डबा उघडला आणि काकांनी काय केलं ते सांगितलं.

मागून एक मासळीवाली म्हातारी उठली.

"तसलीच फली माज्या पोराला गावलीय," ती म्हणाली. "आज सकालीच वलांडीवर टाकलीय."

डबा तसाच उघडा टाकून आम्ही सगळे धावलो.