जिजीचं स्टिअरिंग

वळण यायच्या बरंच आधी जिजी वळायला लागायची. समोर सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना कपाशी, आणि ही बाई स्टिअरिंग गरागरा फिरवून मोकळी. गाडी मात्र काही झालंच नाही अशा थाटात सरळ चाललेली. मग कधीतरी वळण यायचं आणि गाडी निवांतपणे वळायची.

मी मूळची सांगलीची. कोरीटच्या शाळेत नेमणूक झाली आणि नंदुरबारात खोली घेतली. पहिल्याच सकाळी नाक्यावर रिक्षाची वाट बघत होते, तेव्हा एक पांढरी ॲम्बेसेडर माझ्यापुढे येऊन थांबली. आत सुती लुगडं, डोक्यावर पदर, नाकावर जाड चष्मा. "कोरीटले का? बस वं," एवढंच म्हणाली. मी मागून हॉर्न ऐकून घाईने बसले आणि थोड्याच वेळात सरळ रस्त्यावर तिचे फिरणारे हात पाहून दाराची कडी घट्ट धरली.

"अहो, रस्ता तर सरळ आहे!"

"हां. पन तिले आगोदर सांगनं पडस," ती म्हणाली. "आते सांगं, का मंग पुलजोडे आयकस."

अहिराणी मला तेव्हा नीट कळत नव्हती, पण एवढं कळलं की या गाडीला हुकूम आधी द्यावा लागतो, तो ती पुलापाशी ऐकते.

जिजीचा मुलगा प्रकाश नंदुरबारात खतांचं दुकान चालवायचा, म्हणून ती त्याच्याकडे राहायची. पण जीव कोरीटच्या मिरचीच्या शेतात. नवऱ्यामागे शेती तिनेच सांभाळली आणि त्याची गाडीही. रोज सकाळी शेतावर, संध्याकाळी घरी. डिकीत मिरचीची पोती असायची, त्यामुळे आत बसलेला प्रत्येक माणूस शिंकायचा. जिजी सोडून. कुणी शिंकलं की ती खूश व्हायची. "माल चांगला शे," म्हणायची.

ती गाडी पॉवर स्टिअरिंगवाली होती, असं प्रकाश सांगायचा. त्यातली पॉवर कधी गेली हे कुणालाच आठवत नव्हतं. पट्टा सैल, तेल गळतं, चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे सांधे झिजलेले. कुणी विषय काढला की जिजी म्हणायची, "मन्हामा पावर शे ना, मंग स्टेरिंगले कसाले जोयजे?"

एकदा आम्ही शहाद्याला निघालो होतो. समोरून एसटी आली, तिला वाट द्यायला जिजीने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडीने या खेपेला जरा जास्तच ऐकलं. रस्ता सोडून आम्ही थेट एका पपईच्या बागेत. दोन झाडं आडवी झाली आणि गाडी थांबली. शेतकरी आरडाओरडा करत धावत आला. जिजीने काच खाली केली, पदर सारखा केला आणि विचारलं, "भाऊ, पिकेल शे का एखांदी?"

तो इतका गोंधळला की खरंच एक पपई घेऊन आला.

 प्रकाशला कळायचं ते कळलंच. दुसऱ्या दिवशी त्याने एक गिऱ्हाईक ठरवलं. धुळ्याचा एक माणूस लग्नांत नवरदेव मिरवायला जुन्या गाड्या भाड्याने द्यायचा. "आई, होळीपर्यंत स्टिअरिंग नीट झालं तर ठीक. नाहीतर गाडी धुळ्याला."

"मन्ही गाडी आनी नवरदेव मिरावई?" जिजी कडाडली. पण त्या दिवशी ती जेवली नाही, हे तिच्या सुनेने, सुनीताने, मला सांगितलं.

गाव पालथं घातलं. दोन गॅरेजवाल्यांनी गाडी बघून हात जोडले. शेवटी युसूफभाई तयार झाले. त्यांनी सुरतेच्या भंगारातून सामान मिळवलं आणि गाडी उघडली. जिजी रोज डबा घेऊन गॅरेजात ठाण मांडायची. "तो नट तठे नही, आठे व्हता," असं तिचं चालायचं. तिसऱ्या दिवशी युसूफभाई माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, "मॅडम, इनको घर ले जाओ. नहीं तो मैं इंजिन उलटा बिठा दूँगा."

अखेर गाडी झाली. शाळा सुटल्यावर जिजी मला न्यायला आली ती युसूफभाईंना शेजारी बसवून. मी मागे बसले. कोरीटचा रस्ता सुटेपर्यंत युसूफभाई शेजारून एका हाताने स्टिअरिंग धरून होते. नंदुरबार आलं तसे ते खूश होऊन म्हणाले, "अब देखो, मख्खन!" आणि हात काढून घेतला.

पुढे डावीकडचं वळण अजून लांब होतं. जिजीने सवयीने स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडीने जागच्या जागी ऐकलं.

डावीकडे मिरची वाळत घालायचं पटांगण होतं. पथारी म्हणतात त्याला. लाल गालिचा अंथरल्यासारखी मिरची पसरलेली, आणि आम्ही तिच्यातून आरपार. बायका बाजूला पळाल्या, कुणाला काही लागलं नाही. पण जो काय लाल धुरळा उठला! बायका शिंकत होत्या, युसूफभाई शिंकत होते, रस्त्यावरचा ट्रकवाला थांबून शिंकत होता. आणि जन्मात पहिल्यांदा जिजीही शिंकली.

डोळे पुसत ती ओरडली, "काय करं रे हाई तू? चांगली गाडी बिघाडी टाकी! पहिलेसारखी ढिली करी दे!"

"नहीं करूँगा," युसूफभाई म्हणाले. एरवी ते मऊ माणूस. "गाडी ठीक है जिजी. दुसरीकडं जा, कुणाकडूनही ढिली करून घ्या. मेरे हात से नहीं होगा."

 तिथून घरापर्यंत गाडी युसूफभाईंनी चालवली. जिजी मांडीवरचे आपले हात बघत होती. मग हळूच मला म्हणाली, "गाडी नही वं. हातज बिघडेल शेत मन्हा."

त्या आवाजात मी पहिल्यांदा तिची भीती ऐकली.

पुढचं मला सुनीताने सांगितलं. ती नाशिकची, हळू आणि पुस्तकी बोलणारी. लग्नाआधीच गाडी शिकलेली, पण इथे आल्यापासून लायसन्स कपाटात. "तुन्हाघाई नही व्हवाव," तुझ्याच्याने जमायचं नाही, हे सासूबाईंचंच वाक्य. त्या संध्याकाळी जिजी तिच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "माले शिकाड."

गावाबाहेर एक मोकळं मैदान आहे. रोज दुपारी तिथे सासू स्टिअरिंगवर आणि सून शेजारी. सुनीता पाण्याच्या डब्यांची वळणं मांडायची आणि म्हणायची, "आई, आता नाही... आता नाही... आता!" जिजी डबे उडवायची, शिव्या द्यायची, पुन्हा बसायची. मी एकदा बघायला गेले, तर जिजी मला म्हणाली, "हाई पोर भलती कडक शे. कोठेन लई ऊना प्रकाश हिले!" प्रकाशने हिला कुठून आणलं म्हणे, पण आवाजात तक्रार नव्हती.

होळीला धुळ्याचा माणूस आला. जिजीने त्याला गाडीत बसवून कोरीटला नेऊन आणलं. वळणावर एकही चूक नाही. उतरताना त्या माणसानेच प्रकाशला सांगितलं, "असू द्या, ही गाडी अजून कामाची आहे."

त्यानंतर काही दिवसांनी नाक्यावर गाडी थांबली तेव्हा चालवायला सुनीता होती. जिजी डावीकडे काचेला टेकून बसलेली. मी काळजीने विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, "माले काय व्हई? आते तिना हात चांगला शे. मी जराखं दुनिया दखस." आणि खरोखरच ती रस्ताभर कुणाची कपाशी कशी आलीय ते सांगत बसली.

गेल्या हिवाळ्यात, दुपारचं जेवण करून जिजी पडली ती उठली नाही. गाडी आता सुनीताची. शेतही तीच बघते.

हल्ली रविवारी ती मला त्याच मैदानावर गाडी शिकवते. एरवी माझ्याशी अगदी शुद्ध बोलते. परवा मी सलग तिसऱ्यांदा गाडी बंद पाडली, तशी ती एकदम खेकसली, "मॅडम, दखी ऱ्हायनी का झोपी ऱ्हायनी वं?"

दोघींनाही तो जिजीचा आवाज ऐकू आला. मग सुनीताने तोंडावर पदर घेतला, आणि ती हसतेय की रडतेय हे कळायच्या आत मी गाडी पुन्हा चालू केली.