चवीचा रकाना

"चव हिच्याकडून घ्या," सर म्हणाले. वर्ग हसला.

चिंचवडची शाळा. नववी. प्रयोगशाळेचा पहिला महिना. टेबलावर घरातलेच पदार्थ: मीठ, तुरटी, खायचा सोडा. वहीत चार रकाने. रंग, वास, स्पर्श, चव. पहिले तीन बाकीच्यांनी हाताळून भरायचे. मी दाराशी उभी. आमचं घर कातडी कमावणारं. माझा हात लागला की बशी बाटायची, म्हणून ती माझ्याकडे शेवटी यायची. मी चाखायचं, मोठ्यानं सांगायचं, त्यांनी लिहून घ्यायचं.

अस्पृश्यता कायद्यानं बंद झाली होती. शाळेत ती फक्त जागा बदलून बसली होती.

"खारट." "तुरट." माझं तोंड वाकडं झालं की पाटलांची लेक म्हणायची, "अजून घे की गं. फुकटचं हाय."

महिनाभर मी चाखत राहिले. पण दाराशी उभ्या माणसाला बघण्यावाचून दुसरं काम नसतं. मी बघत होते.

त्या दिवशी माझ्या हातात आलेल्या बशीत पांढरा खडा होता. खडू आहे, असं सर म्हणाले. कुणाच्या तरी ओल्या बोटाचा थेंब त्यावर पडला होता. तिथं बारीक तडा. बशीचं बूड कोमट.

रहाटणीला आमच्या घरामागं कातडी भिजवायचा हौद होता. माझे वडील, आबा, त्यात असेच खडे टाकायचे. पाणी उकळायचं. बैलाच्या कातड्यावरचे केस गळून पडायचे. आबांच्या बोटांची सालं कायम निघालेली.

"सर, ह्यो खडू न्हाई. कळीचा चुना हाय. जीभ जळंल."

"तुझं काम चाखायचं. ओळखायचं काम आमचं."

कुणी हसलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. वाट बघत होते.

मी टेबलापर्यंत गेले, बशी तिथं ठेवली. पेला उचलला आणि पाणी खड्यावर ओतलं. खडा फुसफुसला. फुगला. वाफ आली, बशी तडकली. पाटलांची लेक मागं सरली. सरही.

"आता चाखा, सर."

त्यांनी दार दाखवलं. "उद्यापासून यायचं नाही."

मी घरी पोचायच्या आत निरोप गावात पोचला होता. आबा हौदाशी बसलेले. वर न बघता म्हणाले, "पोरी, पाया पड त्यांच्या. आपल्याला हितंच ऱ्हायाचंय."

मी पडले नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी गेले. दाराशी नाही, टेबलाशी उभी राहिले. वही उघडली. तीन रकाने मी माझ्या हातानं भरणार. चौथ्यावर काट मारली.

ज्याला चव हवी, त्यानं स्वतःची जीभ लावावी.