टायरॉडवरचा लाल ठिपका

नाना गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नाशकात द्वारका चौकाजवळ एका ट्रकच्या मागच्या फळीवर अक्षरं काढत होतो. फोन समोरच्या टायरवाल्याकडे. त्यानं रस्ता ओलांडून येऊन सांगितलं, "पेंटर, तुमचे नाना सकाळी गेले." मी "बरं" म्हणालो. माणूस गेल्यावर बरं म्हणतात का कधी? पण तेवढंच सुचलं. आणि खरं सांगतो, रडू यायच्या आधी भीती वाटली... एक गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक होती. ती आता नानांच्या बायकोला, वहिनींना, सांगायची तर मलाच सांगावी लागणार होती. त्याला महिना होऊन गेला.

नाना मूळचे सटाण्याकडचे. सत्तर सालाच्या आसपास नाशकात आले आणि लष्करानं मोडीत काढलेल्या जीप लिलावात घेऊन दुरुस्त करू लागले. पुढे त्यांच्या डोक्यात आलं, की पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात चालेल अशी गाडी आपणच का बांधू नये? चासी जुनी, बॉडी आमची, मागे समोरासमोर दोन बाकं, चारही चाकांना जोर. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही पाच माणसं. गाडीचं नाव 'डोंगरी', आणि बॉनेटवर ते लिहायचा मी. लोक हसायचे, कारखाना म्हणायला जीभ रेटायची नाही त्यांची. आम्ही मात्र कारखानाच म्हणायचो.

नानांची एक रीत होती. महत्त्वाचा प्रत्येक नट ते स्वतः कसायचे, मग त्यांच्या अहिराणीत म्हणायचे, "बरोबर शे," म्हणजे बरोबर आहे. ते शब्द कानावर पडले, की मी त्या नटावर लाल ठिपका द्यायचा. ठिपका दिसला, की त्या नटाला पुन्हा कोणी हात लावायचा नाही, खुद्द नानांनीसुद्धा नाही. वर्षानुवर्षं हे असंच चाललं.

मग पेठकडच्या एका संस्थेनं नर्सबाईंना पाड्यांवर फिरायला एक डोंगरी मागितली. ही पसंत पडली, तर आणखी सहा. नानांनी नव्या शेडची जागासुद्धा बघून ठेवली होती. गाडी न्यायच्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते, आणि माझं सगळं लक्ष घड्याळात. टायरॉड म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकत्र वळवणारा दांडा. त्याचा नट नानांनी नुसता हातानं बसवला, पान्यानं कसायचा बाकी होता, आणि तेवढ्यात त्यांना कोणीतरी बाहेर बोलावलं. मी वाट पाहिली नाही. सगळे ठिपके देऊन टाकले आणि घर गाठलं. नाना परत आले, त्यांनी ठिपका पाहिला, आणि आपणच कसला असेल असं समजून गाडी सोडली.

घरी पोह्यांच्या बशा फिरत होत्या. पाहुण्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता?" मी उत्तर देताना नखातला लाल रंग खरवडत होतो आणि एकदम आठवलं. त्या नटाला नाना "बरोबर शे" म्हणालेच नव्हते. मी पाहुण्यांना तसंच सोडून सायकल दामटली. शेडवर नानांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पाना घेतला, मोटरसायकल काढली, मी मागे बसलो. पेठच्या रस्त्यावर प्रत्येक वळणाला मी आधी दरीच्या बाजूला बघत होतो. तीन नर्सबाई होत्या त्या गाडीत. तीन...

सावळघाटाच्या अलीकडे चहाच्या टपरीपाशी गाडी उभी दिसली. एका बाईंना मळमळत होतं म्हणून थांबले होते. नाना गाडीखाली शिरले, मागोमाग मी. नट दोन बोटांनी फिरला. मी म्हणालो, "नाना, चूक माझी आहे." ते पाना आवळत म्हणाले, "ठिपका तुझा, नट माझा." बाहेर येऊन बाईंना त्यांनी सरळ सांगितलं, "माझ्याकडून कसायचा राहिला होता, बाई."

ड्रायव्हरनं ते संस्थेत सांगितलं आणि सहा गाड्यांचं काम हातचं गेलं. नवी शेड झाली नाही. वहिनी चारचौघांत थट्टेनं म्हणायच्या, "एक नट विसरले आणि आमचा कारखाना व्हायचा राहून गेला." नाना हसायचे, पण माझ्याकडे चुकूनही बघायचे नाहीत. आणि मी? मी खाली मान घालून चहा प्यायचो. आज सांगेन, उद्या सांगेन, यात दहा वर्षं गेली. बहिणीचं तिथेच जमलं, तिला मुलंसुद्धा झाली.

मागच्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. शेडमध्ये आमची पहिली डोंगरी अजून उभी आहे. त्यांचा भाऊ ती सटाण्याला नेणार होता. "पेंटर, ठिपके पुसट झालेत, देऊन जा," त्या म्हणाल्या. मी डबी उघडली, ब्रश बुडवला, आणि हात पुढे जाईना. तसाच बसून सगळं सांगितलं. पाहुणे, घड्याळ, नट, सगळं. मला वाटलं, वहिनी आता म्हणतील, चालते व्हा. त्या उठल्या, खिळ्याला टांगलेला नानांचा पाना काढला आणि माझ्या हातात दिला. "मग आज आधी कसून बघा. ठिपका नंतर."

मी गाडीखाली शिरलो. टायरॉडच्या नटाला पाना लावून सगळा जोर दिला. नट तसूभर हलला नाही, नानांनी कसलेला होता. वरून वहिनींचा आवाज आला, "बरोबर शे?"

मी पुन्हा एकदा पाना लावून बघितला.