बाकावरच्या शेजारणीची हजेरी

एका मुलीचा जीव माझ्या हजेरी घेण्याच्या पद्धतीवर अडकलेला होता, आणि नेमकी त्याच सकाळी मी ती पद्धत बंद केलेली. आज सांगायला सोपं वाटतं. त्या दिवशी तिच्या बिल्डिंगचा जिना चढताना ते मनात आणायचीही हिंमत नव्हती.

आधीच सांगून टाकते, मी खडूस आहे. डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत सहावीला शिकवते, आणि पोरं मला पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, इथे लिहिण्यासारखं नाही. शाळा सकाळची. मी राहते टिटवाळ्याला, म्हणजे अंधारातच घर सोडायचं. एवढं करून मी घंटेच्या आधी वर्गात उभी असते. मग शाळेच्या मागच्याच गल्लीत राहणारं कार्टं डोळे चोळत उशिरा आलं की माझं डोकं फिरणार नाही तर काय होणार? आणि कारणं तरी किती! पाणी आलं नाही, लिफ्ट बंद होती, मावशीची हळद होती, गावाला पालखी होती. सगळ्यात लाडकं कारण म्हणजे पोटात दुखत होतं. बरं सोमवारीच दुखतं यांच्या पोटात!

पालक म्हणतात, "एका दिवसाने काय होतंय बाई?" काय होतं ते मी सांगते. अपूर्णांकांचे छेद समान करायला शिकवले त्या दिवशी जो मामाच्या लग्नाला गेला, तो पुढे महिनाभर नुसता फळ्याकडे बघत बसतो. त्याला काही कळत नाही. कळत नाही हे सांगायची लाज वाटते. मग शाळेत यायचं म्हटलं की त्याच्या पोटात खरोखरच दुखायला लागतं. हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय, म्हणून ओरडते. ओरडायची हौस नाही मला.

माझी हजेरी मात्र इतरांसारखी नव्हती. मागे एकदा एक मुलगा बरेच दिवस आला नाही, म्हणून मी त्याच्या शेजारी बसणाऱ्याला विचारलं, कुठे आहे रे हा? तो खांदे उडवून म्हणाला, "माहीत नाय बाई." जूनपासून एका बाकावर मांडीला मांडी लावून बसतात, एकमेकांच्या डब्यात हात घालतात, आणि माहीत नाय! मी इतकी भडकले की दुसऱ्या दिवसापासून नियमच केला. हजेरीला कोणी स्वतःसाठी 'हजर' म्हणायचं नाही. बाकावरच्या शेजाऱ्याने शेजाऱ्याची हजेरी द्यायची. आणि शेजारी आला नसेल तर का आला नाही, ते येतानाच बघून यायचं.

पोरं एकमेकांना हाका मारत यायला लागली. उशिरा येणारे सुतासारखे सरळ झाले, कारण बाईंना थाप मारता येते, खाली उभं राहून बोंबलणाऱ्या मित्राला नाही मारता येत.

तिसऱ्या बाकावर दोन मुली बसायच्या. नावं नाही सांगत. एक घट्ट दोन वेण्या घालणारी. तिला कधी उशीर झाला नाही, तिने कधी शाळा बुडवली नाही. वडील ठाण्याला खोपटच्या डेपोत एसटीचे ड्रायव्हर, कोकणची गाडी घेऊन गेले की दोन दोन दिवस बाहेर. आईही ठाण्यातच, नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायच्या कामाला. उपाशीपोटी रक्त द्यायला माणसं सकाळी सकाळी येतात, त्यामुळे तीही पहाटेच घराबाहेर पडायची. म्हणजे ही अकरा-बारा वर्षांची पोर एकटी आवरणार, दूध पिणार आणि दार ओढून शाळेत येणार.

दुसरी चष्मेवाली, खाडीकाठच्या जुन्या कोळी घरातली. तिची आई मासळी विकते. तीही पहाटे बाजार गाठते. ही चष्मेवाली रोज वेणीवालीच्या घरी जायची, आणि वेणीवाली रोज बूट घालून, दप्तर अडकवून जिन्यात तयार उभी असायची. दोघी बडबडत शाळेत यायच्या.

हेच वेणीवालीच्या आईला खटकलं. एका शुक्रवारी ती कामावरून सुटून तशीच शाळेत आली.

"बाई, माझी मुलगी जबाबदार आहे. तिला न्यायला कोणी यायची गरज नाही. रोज सकाळी कोणीतरी येऊन हाका मारतं, शेजारी विचारतात ही कोण म्हणून. मुलगी एकटी असते घरात, हे गावभर कशाला करायचं?"

'कोणीतरी' हा शब्द तिने ज्या तऱ्हेने उच्चारला, तो मला झोंबला. मीही काही कमी नाही. "ती कोणीतरी नाही, तुमच्या मुलीची मैत्रीण आहे," म्हटलं. आवाज चढले. शेवटी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मध्ये पडल्या. मुलगी एकटी असते, आईला भीती वाटणारच, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "नसती उठाठेव कशाला अंगावर घेतेस? सोमवारपासून साधी हजेरी घे."

सोमवारी मी धुसफुसतच वर्गात शिरले. थंडीचे दिवस होते, पोरं हात काखेत घालून बसलेली. मी जाहीर केलं, आजपासून आपापला नंबर आला की आपापलं 'हजर' म्हणायचं. शेजाऱ्याच्या चौकश्या बंद. मग भराभर नंबर घ्यायला सुरुवात केली. वेणीवालीचा नंबर आला. आवाज नाही. "गैरहजर," असं म्हणून मी पुढचा नंबर पुकारला.

चष्मेवाली उभी राहिली. "बाई..."

"तुझा नंबर आला का? खाली बस."

ती बसली नाही. हे पोरगं माझ्यासमोर कधी मान वर करून बोललेलं नव्हतं. "बाई, मी गेलेले तिच्याकडे," ती म्हणाली. "तिने शनिवारी सांगितलेलं, येऊ नको, आई ओरडते. तरी मी गेले. ती जिन्यात नव्हती. बेल वाजवली तर उघडत नाय. आतून पाण्याचा आवाज येतोय, पण हाक मारली तर ओ देत नाय. बाजूच्या काकू म्हणाल्या, अंघोळ करत असेल, जा तू, तुला उशीर होईल."

"मग?"

"मग मी आले." आणि तिला रडू फुटलं. "पण बाई, ती त्या टायमाला अंघोळ नाय करत. त्या टायमाला ती बूट घालून उभी असते!"

वर्गातल्या दुसऱ्या कोणाबद्दल हे ऐकलं असतं, तर मी म्हटलं असतं, लोळत असेल, आवरत असेल सावकाश. रोज उशीर करणाऱ्याचा उशीर काहीच सांगत नाही. पण ही पोर रोज त्याच वेळी त्याच पायरीवर उभी असायची. आज ती पायरी रिकामी होती आणि पाणी चालू होतं.

"त्यांच्याकडे गॅसचा गिझर आहे का गं?"

"हो बाई. बाथरूममध्येच आहे."

बंद बाथरूममध्ये गिझरच्या विषारी वायूने कोणी गेल्याच्या बातम्या दर थंडीत आपण वाचतो आणि चहाबरोबर गिळून टाकतो. शेजारच्या वर्गातल्या बाईंना मी दारातूनच ओरडून सांगितलं, माझ्या पोरांकडे बघा. चष्मेवालीकडून बिल्डिंग आणि मजला विचारून घेतला, शिपाईमामांना हाताला धरून बाहेर काढलं. रिक्षात बसता बसता तिच्या आईला फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला, तेच. हातात सुई असताना ती बिचारी फोन कसा उचलणार? पण तेव्हा मला ते सुचत नव्हतं. मी फोनलाच शिव्या घालत होते.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची गाडी आडवी उभी. रिक्षावाला हॉर्न मारतोय, गाडीवाला निवांत डबे उलटे करतोय. मी उतरले आणि पळत सुटले. या वयात, साडी नेसून, भर रस्त्यात. तीन जिने कसे चढले देव जाणे.

दारापाशी जाऊन कान लावला. पाणी पडतच होतं. मी दोन्ही हातांनी दार बडवलं तेव्हा शेजारच्या काकू बाहेर आल्या.

"अहो, अंघोळ करतेय ती, मघाशी पण एक मुलगी..."

"चावी आहे का तुमच्याकडे? चावी द्या आधी!" इतक्या जोरात मी आयुष्यात वर्गातही ओरडलेली नाही.

चावी होती, पण जुडग्यात. कुठली कोणाची हे काकूंना आठवेना. पहिली लागली नाही. दुसरी आत गेली, फिरेना. तोवर शिपाईमामा धापा टाकत पोचले आणि त्यांनी जुडगा हिसकावून घेतला. नशीब, आतून कडी नव्हती. दार उघडलं. बाथरूमला मात्र आतून कडी होती. मी तिच्या नावाने हाका मारत राहिले आणि मामांनी त्या प्लास्टिकच्या दाराला लाथा घातल्या. तिसऱ्या लाथेला ते बिजागरीतून निखळलं.

आतून गरम वाफ अंगावर आली. गिझरची ज्योत जळत होती. कबुतरं आत येतात म्हणून खिडकी प्लास्टिकच्या कागदाने चिकटपट्टी लावून बंद केलेली, फटसुद्धा उरलेली नव्हती. पोर फरशीवर पडलेली. तिचा चेहरा कसा होता ते मी लिहिणार नाही. नळ बंद केला, टॉवेलात गुंडाळून तिला गॅलरीत ओढत आणली. मला वाटलं, गेली. खरंच सांगते, मला वाटलं, ही गेली आणि मी वर्गात 'गैरहजर' म्हणून पुढचा नंबर पुकारला.

मग काकूंनी तिच्या नाकाशी हात धरला आणि किंचाळल्या, "आहे! आहे श्वास!"

नाक्यावरच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिथे त्यांनी लगेच ऑक्सिजन लावला. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून ओल्या साडीचा पदर पिळत होते. दुपारकडे ती ओकली, रडली, आईला हाका मारायला लागली. ते रडणं ऐकून मी पण रडले. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत."

तिची आई आली ती लॅबचा पांढरा कोट अंगात तसाच ठेवून. माझ्याकडे न बघता ती आत गेली. बाहेर आली तेव्हा भिंतीला टेकून उभी राहिली.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

'कोणीतरी', असं म्हणायचं अगदी जिभेवर आलेलं. शुक्रवारचा राग गेला नव्हता माझा. पण तिचे डोळे बघितले आणि तो शब्द गिळला.

"तिच्या बाकावरची शेजारीण आलेली तुमच्या दारात," मी म्हटलं. "नको म्हटलं असतानाही आलेली."

ती मटकन खालीच बसली. मीही तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

वेणीवालीला बरं व्हायला दिवस लागले. डोकं दुखायचं, चक्कर यायची. मोठ्या बाईंनी स्वतःहून मला बोलावून सांगितलं, तुझी ती हजेरी परत चालू कर. वडिलांनी रजा काढून तो गिझर उचलून भंगारात टाकला. आईने लॅबमध्ये भांडून पाळी बदलून घेतली, मुलगी शाळेत गेली की मग घर सोडायचं.

तिच्या परत येण्याच्या दिवशी मी, खोटं कशाला बोलू, गेटकडे डोळे लावूनच उभी होते. घंटा झाली. प्रार्थना झाली. तिसरा बाक अख्खा रिकामा. वेणीवाली नाही, चष्मेवालीही नाही. हजेरी तिसऱ्या बाकापर्यंत आली आणि थांबली, कारण शेजारणीबद्दल सांगायला शेजारीणच नव्हती. वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता.

एवढ्यात जिन्यात पावलं वाजली. वेणीवाली दारात उभी, घामाघूम, एक वेणी सुटलेली, एकटी.

"का उशीर?" माझ्या तोंडून निघून गेलं. सवय, दुसरं काय.

"बाई, ती आज हाक मारायला आलीच नाही. मी आणि आई जिन्यात थांबलो तिच्यासाठी. मग आई म्हणाली, चल, बघून येऊ. ती तापाने फणफणलीये बाई. आणि तिची आई बाजारात गेलेली, घरात कोणीच नव्हतं."

"मग आत्ता कोण आहे तिच्याजवळ?"

"माझी आई. तिने लॅबला फोन करून सुट्टी टाकली. पट्ट्या ठेवतेय तिच्या कपाळावर. मला म्हणाली, तू पळ शाळेत, तिची हजेरी कोण देणार?"

"बरं, बस जागेवर," म्हटलं. मग चौथ्या बाकाकडे बघून मी हजेरी पुढे चालू केली.