'बंद'चं बटण

मंडळी, गाल सुजलाय, तरी लिहून राहिलो.

इकडे हिंदी मुलखात, गोहलपुरच्या एका वर्कशॉपमध्ये पत्रा कापायची मशीन आहे. ती कॉम्प्युटरवरून चालवायचं सॉफ्टवेअर मी बनवलं. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स, त्यांच्याकडे जुनं विंडोज. "दोनों में चलेगा," असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं.

आज दुपारी कारीगर संतोषदादांचा हातमोजा मशीनमध्ये अडकला. ते किंचाळले. मी तिथल्या स्क्रीनवरचं 'बंद' दाबलं. मशीन थांबली नाही. पुन्हा दाबलं. पातं खाली येतच राहिलं. शेवटी मालक राजूभैयांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. तोवर दोन बोटं गेली होती.

पत्र्यावर रक्त वाहून राहिलं होतं आणि मी काय केलं? माझा लॅपटॉप उघडला, 'बंद' दाबून दाखवलं आणि म्हटलं, "मेरे में तो चल रहा है, भैया."

राजूभैयांनी कानाखाली अशी लगावली की मी भंगारावर जाऊन पडलो. मग त्यांनी घण उचलला आणि माझ्या लॅपटॉपवर तीन घाव घातले. "ले, अब तेरे में भी नहीं चलेगा!"

दवाखान्यात जाताना ऑटोत संतोषदादांचा हात माझ्या मांडीवर होता, रक्ताने भिजलेल्या गमछ्यात गुंडाळलेला. ते आपलेच, मराठी. हळूच म्हणाले, "आमच्या मशीनवर तू 'बंद' कधी दाबूनच नाही पाहिलं काय रे?"

'सुरू' मी तिथे वीसदा दाबलं होतं; पत्रा कापून झाला की मशीन आपोआप थांबायची. 'बंद' फक्त घरी, माझ्या लॅपटॉपवर.

सॉफ्टवेअरवाल्यांनो, तुम्ही कुठे दाबून पाहिलंय?